काचेवर राहिलेले गाव

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय भागात न्यू साउथ वेल्स नावाचे राज्य आहे. समुद्रकाठचे सिडनी हे महानगर त्याची राजधानी होय. सिडनीहून पश्चिमेकडे निघाले, म्हणजे प्रथम ब्ल्यू माउंटन्स नावाची डोंगरांची रांग आडवी येते. ती ओलांडल्यावर बाथर्स्ट हे शहर लागते. तेथून उत्तरेस वळणावळणांच्या रस्त्याने सुमारे पाऊणशे किलोमीटर गेले, की निलगिरीच्या जातीच्या झाडांनी वेढलेल्या डोंगरमाथ्यावर एक लहानसे खेडे दिसू लागते. त्याचे नाव हिल एंड. ह्या शब्दांचा अर्थ ‘टेकडीचे टोक’ इतकाच.

नवखा प्रवासी येथे आला, तर तो थोडा बुचकळ्यात पडतो. गावाचा रस्ता एखाद्या शहराला शोभावा इतका रुंद आहे. पण त्याच्या दोन्ही बाजूंना घरे थोडी आणि मोकळे गवत फार. एक दुकान दिसते, मग बरीच जागा रिकामी; पुढे उतरत्या पत्र्याचे छप्पर आणि लाकडी खांबांची पडवी असलेले एखादे टुमदार घर, मग पुन्हा मोकळी जागा. कोठे घर मुळीच नाही, नुसते दगडी धुराडे उभे आहे. सायंकाळ होऊ लागली, म्हणजे ह्या मोकळ्या जागांत कांगारू निर्धास्तपणे चरावयास येतात. गावाची वस्ती आज शंभराच्या आसपास आहे. मग एवढ्याशा वस्तीला एवढा थोरला रस्ता हवा कशाला?

ह्याचे उत्तर त्या रिकाम्या जागांपुढे लावलेल्या फलकांवर मिळते. प्रत्येक फलकावर एक जुने छायाचित्र आहे. गवताशिवाय जेथे आज काही नाही, तेथे त्या छायाचित्रात एक दुकान उभे असते; दुकानावर ठळक अक्षरांतील पाटी असते; दारात दुकानदार, त्याची बायको, मुले आणि एखादे कुत्रे उभे असते. चित्र इतके स्वच्छ, की दुकानदाराच्या कोटाची बटणे मोजावीत. ही बहुतेक छायाचित्रे १८७२ च्या सुमारास घेतलेली आहेत. नाहीसे झालेले एक गाव असे स्वतःच्याच जागेवर चित्ररूपाने उभे आहे. ते गाव नाहीसे कसे झाले आणि त्याची चित्रे मात्र कशी उरली, ही हकीकत मोठी विलक्षण आहे.

ह्या प्रदेशाचे मूळ रहिवासी म्हणजे विराजुरी लोक. नद्यांच्या काठाने फिरावे, मासे धरावेत, शिकार करावी, कंदमुळे गोळा करावीत, अशी त्यांची शेकडो पिढ्यांची रीत होती. येथल्या डोंगरांत सोने होते खरे. परंतु विराजुरींना त्याची गरज नव्हती. १८१५ मध्ये इंग्रजांनी बाथर्स्ट वसविले आणि मेंढ्यांचे कळप घेऊन ते ह्या कुरणांवर पसरू लागले. शिकारीच्या आणि पाण्याच्या जागा हातच्या जाताना पाहून विराजुरी लोक लढावयास उठले. विंड्राडाइन हा त्यांचा पुढारी. १८२४ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर ब्रिस्बेन ह्याने बाथर्स्टच्या मुलखात लष्करी कायदा पुकारला. तो डिसेंबरात उठविला गेला. ह्या काही महिन्यांत कित्येक विराजुरी स्त्रीपुरुष आणि मुले मारली गेली. हिल एंडच्या सुंदर छायाचित्रांत ह्या लोकांचे दर्शन क्वचितच घडते. म्हणून गावाच्या इतिहासाचा प्रारंभ छायाचित्रांपासून न करता त्यांच्यापासून करावा, हेच न्यायाचे.

पुढे १८५१ साली सारेच बदलले. एडवर्ड हारग्रेव्ह्ज हा कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणी पाहून परतलेला गृहस्थ. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बाथर्स्टच्या परिसरात त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडले. ही बातमी बाहेर फुटताच लोकांची जी रीघ लागली, ती वर्णन करून सांगणे कठीण. मेंढपाळांनी कळप सोडले, कारकुनांनी लेखण्या टाकल्या, खलाशांनी जहाजे सोडली. कुदळ, फावडे आणि कथलाची परात घेऊन जो तो डोंगरांकडे धावला. त्याच वर्षी हिल एंडच्या भोवतालच्या ओढ्यांतही सोने आढळले. प्रथम भरभराट झाली ती जवळच्या टॅम्बरूरा ह्या वस्तीची. तेथे इंग्रज, आयरिश, जर्मन असे नाना देशांचे लोक होते. चिनी लोकही पुष्कळ होते. चिनी लोक सोने धूत, आणि खाणकऱ्यांना ताजी भाजी पुरविणारे मळेही तेच पिकवीत. सोन्याच्या गावात ताज्या कोबीची किंमत काय असते, हे ज्याने केवळ खारवलेले मांस खाऊन दिवस काढले असतील, त्यालाच कळावे.

ओढ्यातले सोने मिळवावयास भांडवल लागत नाही. परातीत वाळू आणि पाणी घेऊन ती गोल हलवीत राहावे. हलकी वाळू पाण्याबरोबर कडेवरून निघून जाते आणि जड सोने तळाशी बसते. परंतु अशी वाळू लवकरच धुऊन संपते. ओढ्यात आलेले सोने मुळात डोंगराच्या पोटातून आलेले असते. तेथे पांढऱ्याशुभ्र गारगोटीच्या शिरा खडकातून खोलवर गेलेल्या असतात आणि त्या गारगोटीत सोने अडकलेले असते. ते काढावयाचे तर विहिरीसारखे खोल खड्डे खणावे लागतात, सुरुंग लावावे लागतात, गारगोटीचे धोंडे वर ओढावे लागतात. मग वाफेच्या शक्तीने वरखाली होणाऱ्या लोखंडी मुसळांखाली त्यांचे पीठ करून त्यातले सोने पाऱ्याच्या साहाय्याने वेगळे करावे लागते. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. त्यासाठी कंपन्या निघाल्या आणि त्यांचे भाग सिडनीच्या बाजारात विकले जाऊ लागले.

हिल एंडच्या शेजारी हॉकिन्स हिल नावाची टेकडी आहे. तिचा उतार ट्यूरॉन नदीच्या खोऱ्यात अगदी सरळ तुटत जातो. ह्या टेकडीच्या जेमतेम पाव मैलाच्या पट्ट्यात गारगोटीच्या शिरा इतक्या संपन्न निघाल्या, की लोक त्या पट्ट्याला ‘सोन्याचा पाव मैल’ म्हणू लागले. १८७० नंतरची तीन-चार वर्षे हा हिल एंडचा वैभवकाळ होय. त्या वेळी गावात आठ हजार माणसे होती असे सांगतात. पाच बँका, दोन वृत्तपत्रे, आठ चर्चे आणि अठ्ठावीस मद्यगृहे होती. चर्चांच्या साडेतीनपट मद्यगृहे होती, ह्यावरून गावाच्या वळणाची कल्पना येईल! खाणीत उतरणाऱ्यांपैकी थोडेच श्रीमंत झाले. कित्येक कंपन्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले. पण सोन्याचा एक कणही वर काढला नाही. निश्चित कमाई झाली ती कुदळी, बूट आणि मद्य विकणाऱ्यांची.

ह्या गर्दीत बर्नहार्ट ओटो होल्टरमान नावाचा एक जर्मन होता. त्याचा जन्म १८३८ मध्ये हँबर्ग शहरात झाला. वयाच्या विसाव्या वर्षी तो सिडनीस आला, तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हते. एका हॉटेलात वाढप्याचे काम करीत असता त्याची लुई बायर्स ह्या खाणकऱ्याशी ओळख झाली. दोघे मिळून सोन्याच्या शोधात डोंगरांत आले. पुढची कित्येक वर्षे त्यांना यश आले नाही. होल्टरमानने कधी नदीवर नाव चालविली, कधी हॉटेल चालविले. एकदा तर सुरुंगाची दारू अवेळी पेटून तो मरता मरता वाचला. परंतु दोघांनी ना एकमेकांची सोबत सोडली, ना आपली खाण. १८६८ मध्ये त्यांनी दोन सख्ख्या बहिणींशी विवाह केला आणि हे मित्र साडूही झाले.

त्यांच्या खाणीचे नाव होते ‘स्टार ऑफ होप’, म्हणजे आशेचा तारा. १८७२ च्या १९ ऑक्टोबरच्या रात्री तेथे एक सुरुंग उडविण्यात आला. धूर ओसरल्यावर खाणकऱ्यांनी दिवे उंचावून पाहिले, तो समोर गारगोटीत गुंतलेल्या सोन्याची भिंतच लखलखत होती! त्यातून जो एकसंध तुकडा बाहेर निघाला, त्याची उंची जवळजवळ दीड मीटर आणि वजन २८६ किलोग्रॅम होते. चार धडधाकट माणसांना तराजूत बसवावे इतके. त्यातील सोन्याचे अंदाज निरनिराळे दिले जातात. एका अंदाजाप्रमाणे ते ३,००० औंस होते, म्हणजे आपल्या मापाने सुमारे आठ हजार तोळे. ह्या तुकड्याला ‘होल्टरमानचा गोळा’ म्हणतात. परंतु ते नाव दोन्ही बाजूंनी सदोष आहे. तो शुद्ध सोन्याचा गोळा नव्हता, सोने आणि गारगोटी ह्यांचे ते मिश्रण होते. आणि तो होल्टरमानच्या मालकीचाही नव्हता. कंपनीत अनेक भागीदार होते.

येथे होल्टरमानने एक वेगळी गोष्ट केली. हा तुकडा फोडू नये, आहे तसाच जपून ठेवावा, असे त्याच्या मनाने घेतले. तुकड्याची किंमत १२,००० पौंड धरली गेली होती. तिच्याहून १,००० पौंड अधिक देऊन तो विकत घेण्याची त्याने तयारी दाखविली. इतर भागीदारांनी नकार दिला. त्यांच्या दृष्टीने ते सोने होते, आणि सोने मुसळाखाली जावे हेच योग्य होते. तुकडा फोडला गेला, त्याचे पीठ झाले, सोने वितळून विटांच्या रूपाने बँकांत गेले आणि जगातल्या इतर सोन्यात मिसळले. आज ते कोठे आहे, हे कोणालाही सांगता यावयाचे नाही. एखाद्या अंगठीत असेल, एखाद्या नाण्यात असेल. पुढल्या फेब्रुवारीत होल्टरमान कंपनीतून बाहेर पडला. तो तुकडा मुसळाखाली जाण्यापूर्वी त्याचे छायाचित्र मात्र घेण्यात आले होते.

तुकडा सापडला, त्याच वर्षी ब्यूफॉय मर्लिन नावाचा एक फिरता छायाचित्रकार चार्ल्स बेलिस ह्या आपल्या तरुण साहाय्यकासह हिल एंडला आला होता. मर्लिनची पद्धत अशी, की गावात शिरावे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक घराचे, प्रत्येक दुकानाचे छायाचित्र घ्यावे. मोठ्या हवेल्या आणि चर्चे ह्यांची चित्रे सगळेच काढीत. मर्लिन झाडाच्या सालीने शाकारलेल्या झोपडीपुढेही तितक्याच आस्थेने आपला कॅमेरा उभा करी. झोपडीतली माणसे जरा सावरून दारात उभी राहत. कोणाच्या कडेवर मूल असे, कोणाच्या हातात कामाचे अवजार असे. ह्या चित्रांच्या लहान प्रती विकत घेऊन लोक समुद्रापलीकडच्या आपल्या आईबापांना धाडीत.

त्या काळी छायाचित्र घेणे हे आजच्यासारखे बोटाच्या टोकाचे काम नव्हते. चित्र उमटे ते काचेवर. प्रथम काच स्वच्छ पुसून तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट पातळ पदार्थ सारखा पसरावयाचा. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, म्हणजे तिला प्रकाश टिपण्याची शक्ती येई. काच ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्यापूर्वीच पुन्हा अंधारात नेऊन रसायनांनी धुवावयाची. हे सारे काही मिनिटांत उरकले नाही, तर काच वाया गेली. म्हणून छायाचित्रकाराची अंधारी खोली त्याच्या गाडीबरोबर गावोगाव फिरे. ऑस्ट्रेलियातील कडक ऊन, धूळ आणि माश्या ह्यांत हे काम किती जिकिरीचे असेल! चित्र उमटावयास काही क्षण लागत. तेवढा वेळ माणसे श्वास रोखून उभी राहत. पण कुत्र्यांना कोण समजावणार? कित्येक चित्रांत माणसे रेखीव आणि कुत्र्यांच्या जागी नुसता धुरकट डाग दिसतो, तो ह्यामुळेच. काचेवर उमटलेले चित्र उलटे असे. उजळ तेथे काळे आणि काळे तेथे उजळ. त्यावरून कागदावर सुलट प्रती काढीत.

होल्टरमान आणि मर्लिन ह्यांची गाठ पडली, ती फार मोलाची ठरली. आपल्याला आश्रय देणारा आणि संपत्ती देणारा हा देश युरोपातील लोकांना दिसावा, म्हणजे कष्टाळू माणसे येथे येऊन स्थायिक होतील, असे होल्टरमानला वाटे. त्यासाठी चित्रांचे एक मोठे फिरते प्रदर्शन काढावे, अशी योजना दोघांनी आखली. खर्च होल्टरमानचा आणि कला मर्लिनची. परंतु काम भरात असतानाच १८७३ च्या सप्टेंबरात मर्लिन फुप्फुसदाहाने मरण पावला. मग बेलिसने ते काम हाती घेतले. त्या वेळी तो पंचविशीतही नव्हता. होल्टरमानने सिडनीच्या उत्तर भागात बांधलेल्या घराला उंच मनोरा ठेवला, तो मुख्यतः ह्याच कामासाठी. त्या मनोऱ्यावरून १८७५ मध्ये सिडनीच्या बंदराची चित्रे घेतली गेली. त्यांतील काही काचा माणसाच्या उंचीच्या जवळपास होत्या. एवढ्या थोर काचेवर ओल्या रसायनाचा सारखा थर देणे म्हणजे कौशल्याची कसोटीच! ही चित्रे १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील आणि १८७८ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनांत मांडली गेली आणि दोन्हीकडे त्यांना पदके मिळाली.

होल्टरमानचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. त्यात तो ऐटीत उभा असून त्याचा एक हात शेजारी उभ्या केलेल्या त्या प्रचंड सुवर्णपाषाणावर आहे. खरे म्हणजे असा प्रसंग कधी घडलाच नाही. तीन वेगवेगळी छायाचित्रे कुशलतेने जुळवून ते तयार केले आहे. जो पाषाण त्याला ठेवू दिला नाही, तो त्याने निदान चित्रात तरी आपल्या हाताखाली ठेवून घेतला. १८८५ मध्ये, २९ एप्रिल रोजी, आपल्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी होल्टरमान मरण पावला. नंतर त्याचे घर एका शाळेकडे गेले.

इकडे हिल एंडची दशा काय झाली होती? १८७४ पासून शिरा रोडावू लागल्या. खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसा खर्च वाढला आणि सोने कमी झाले. ज्यांना सोन्याने आणले होते, त्यांना आता पोटाने नेले. निघताना लोक पत्रे, तुळया, खिडक्या जे उपयोगी पडेल ते काढून घेऊन गेले. सालीने शाकारलेल्या झोपड्यांना पाडण्याचीही गरज नव्हती. पाऊस आणि वाळवी ह्यांनी ते काम केले. दोन घरांमधले घर पडले, मग शेजारचे पडले. दात पडलेल्या तोंडासारखा रस्ता ओका दिसू लागला. टॅम्बरूरा तर जवळजवळ सारेच नाहीसे झाले. हिल एंडमध्ये थोडी कुटुंबे चिकटून राहिली. कोणी मेंढ्या पाळल्या, कोणी फळझाडे लावली, कोणी जुन्या खाणी उकरून चिमूटभर सोने काढले. अठ्ठावीस मद्यगृहांपैकी १८७२ मध्ये बांधलेले ‘रॉयल हॉटेल’ तेवढे चालू राहिले.

असे हे विसरलेले गाव १९४७ मध्ये दोन चित्रकारांच्या दृष्टीस पडले. रसेल ड्रायस्डेल आणि डोनाल्ड फ्रेंड ही त्यांची नावे. पडकी घरे, लाल माती, ओस रस्ते ह्यांत इतरांना दैन्य दिसत होते. ह्या दोघांना त्यात रंग आणि आकार दिसले. फ्रेंड तेथे घर घेऊन राहिलाच. ड्रायस्डेलने १९४८ मध्ये हिल एंडच्या आधाराने ‘क्रिकेटपटू’ हे चित्र रंगविले. क्रिकेटचे चित्र म्हटले की हिरवे मैदान, शुभ्र पोशाख आणि प्रेक्षकांची गर्दी मनात येते. ह्या चित्रात त्यांतले काहीच नाही. उंच, मुक्या भिंती, लाल-पिवळी ओसाड जमीन, लांब सावल्या आणि खेळणारे अवघे तिघे जण. ऑस्ट्रेलियातील अत्यंत प्रसिद्ध चित्रांत त्याची गणना होते. ह्या दोघांच्या मागोमाग इतरही चित्रकार येऊ लागले आणि हिल एंडचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले.

परंतु मर्लिन आणि बेलिस ह्यांच्या काचा कोठे होत्या? त्यांचा पत्ता फारसा कोणाला नव्हता. कीस्ट बर्क हे छायाचित्रणविषयक मासिकाचे संपादक असून ह्या कलेच्या इतिहासाचे अभ्यासकही होते. त्यांच्या शोधाला १९५१ मध्ये यश आले. सिडनीच्या चॅट्सवुड ह्या उपनगरात होल्टरमानच्या सुनेचे घर होते. त्या घराच्या बागेत कुलूप घातलेली एक खोपी होती. ती उघडली, तो आत लाकडी पेट्यांच्या राशी, आणि पेट्यांमधील खाचांत एकीशेजारी एक नीट उभ्या केलेल्या काचा! मोजल्या तेव्हा त्या सुमारे साडेतीन हजार भरल्या. बागेतल्या खोपीत अडगळ म्हणून पडलेली काच फेकून देण्यास कोणालाही क्षणभर पुरला असता. होल्टरमानच्या घरच्यांनी ती फेकली नाही, हे त्यांचे केवढे उपकार! १९५२ मध्ये होल्टरमानच्या नातवाने हा सारा संग्रह सिडनीच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकला. हिल एंडबरोबरच शेजारच्या गल्गाँग ह्या सुवर्णगावाचीही शेकडो चित्रे त्यात आहेत.

कागदावरची जुनी छायाचित्रे पिवळी पडतात, विटतात. काचेवरची चांदी मात्र ऐंशी वर्षांनीही तशीच रेखीव होती. आपल्या शतकात ग्रंथालयाने नव्या यंत्रांच्या साहाय्याने ह्या काचांच्या फार सूक्ष्म प्रतिमा तयार केल्या. त्या मोठ्या करून पाहिल्या, तर जे पूर्वी कोणाला दिसले नव्हते ते दिसू लागते. दुकानाच्या अंधाऱ्या दारातून आतल्या फळ्यांवरचा माल दिसतो, भिंतीवर चिकटवलेली जाहिरात वाचता येते, रस्त्यातल्या चिखलात उमटलेल्या चाकांच्या चाकोऱ्या दिसतात. ज्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत, अशी शेकडो माणसे आपल्याकडे टक लावून पाहत असतात. २०१३ मध्ये हा संग्रह युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ ह्या उपक्रमाच्या ऑस्ट्रेलियातील नोंदवहीत समाविष्ट झाला.

ह्या काचांचा हिल एंडला प्रत्यक्ष लाभ झाला. पडलेल्या गावाचा इतका संपूर्ण आराखडा फार थोड्या ठिकाणी हाती लागतो. कोणत्या जागी कोणाचे दुकान होते, कोणत्या घराची पडवी कशी होती, छप्पर सालीचे की पत्र्याचे, हे सारे चित्रांत डोळ्यांनी पाहता येते. १९६७ मध्ये सरकारने हिल एंड हे ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केले, आणि आज राज्याचे राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव खाते त्याचा सांभाळ करते. जी घरे उरली होती ती डागडुजी करून राखली. जी गेली होती ती पुन्हा बांधण्याचा खटाटोप मात्र केला नाही, आणि ते उत्तमच झाले. नव्या लाकडाला जुने रूप देऊन सारा रस्ता भरून काढला असता, तर गावाचा नाटकातला पडदा झाला असता. रिकामी जागा रिकामीच ठेवून तिच्यापुढे चित्राचा फलक लावल्यामुळे, काय होते आणि काय गेले ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

गावात आजही माणसे राहतात. हिल एंड हे केवळ पाहावयाचे संग्रहालय नव्हे. रॉयल हॉटेलात प्रवासी उतरतात. जुन्या दोन घरांत बाहेरून चित्रकार येऊन काही आठवडे राहतात आणि काम करतात. टॅम्बरूराच्या रस्त्यावर दुतर्फा जुनी झाडे आहेत. ती होल्टरमानच्या साडूने, लुई बायर्सने, लावविली असे गावात सांगतात. बायर्स पुढे ह्या गावाचा नगराध्यक्षही झाला होता. ही झाडे युरोपातील जातींची असल्यामुळे त्यांची पाने झडतात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. त्यामुळे एप्रिल आणि मे महिन्यांत, आपल्याकडे ऊन रणरणत असते तेव्हा, तेथे थंडीची चाहूल लागते आणि त्या झाडांच्या पिवळ्यातांबड्या पानांनी रस्ता भरून जातो.

सोन्याची ओढ अजून अगदी सुटलेली नाही. सुट्टीच्या दिवशी हौशी माणसे परात घेऊन येतात आणि टॅम्बरूराच्या बाजूच्या माळावर, ठरवून दिलेल्या जागेत, ओढ्याची वाळू धूत बसतात. पण ऐतिहासिक गावाच्या हद्दीत मात्र कोणालाही सोन्यासाठी जमीन उकरण्यास मनाई आहे.